हातोडी चालते, पण कुठल्या काचेवर?

२६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. त्या दिवशी मुंबईत काही जण स्वतःच्या गाडीतच अडकून गेले. बाहेर पाणी, दारं उघडेनात. तेव्हापासून आमच्या गाडीत एक लाल हातोडी असते. एकदाही वापरलेली नाही. परवा वाटलं, कधीच टेस्ट न केलेल्या बॅकअपवर ऑफिसात आपण विसंबतो का?

म्हणून वाचत बसलो, तर गोष्ट थेट सतराव्या शतकात गेली! वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात सोडला की त्याला बारीक शेपूट येते. असे थेंब १६६०च्या सुमारास राजपुत्र रुपर्टने इंग्लंडात आणले. डोक्यावर हातोडा घाला, ढिम्म. शेपूट मोडा, क्षणात भुगा. बाहेरचा थर आधी थिजतो, आतला नंतर आकसतो. त्या ताणावरच सगळं उभं असतं. १८७४ साली फ्रान्सच्या द ला बास्तीने तापलेली काच तेलात बुडवून कडक करण्याचं पेटंट घेतलं. आजची टेम्पर्ड काच त्याच घराण्यातली. म्हणून पोलादी टोक नीट बसलं की अख्खी काच खळ्ळकन खाली येते.

दुसरं घराणं बेनेडिक्टसचं. १९०३ साली या फ्रेंच रसायनतज्ज्ञाच्या हातून काचेचा फ्लास्क पडला. तडकला, पण विखुरला नाही. आत सेल्युलोज नायट्रेटचा पापुद्रा सुकला होता. त्यातून १९०९ साली लॅमिनेटेड काचेचं पेटंट आलं: दोन काचा आणि मध्ये चिकट थर.

पुढची काच लॅमिनेटेड असते. पण अपघातात माणूस बाहेर फेकला जाऊ नये आणि आवाजही कमी यावा, म्हणून हल्ली काही गाड्यांच्या बाजूच्या खिडक्याही तशाच असतात. २०१९ साली अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संस्थेने सहा साधनं तपासली. चारांनी टेम्पर्ड काच फोडली. लॅमिनेटेड? एकानेही नाही. स्प्रिंगची साधनं हातोडीपेक्षा सरस ठरली. पाण्याखाली तर हातोडी जोरात फिरवताच येत नाही.

म्हणजे हातोडी खोटी नाही, काच बदललीय. आज खाली जाऊन खिडकीच्या कोपऱ्यातला छाप वाचा. कुठली खिडकी टेम्पर्ड आहे ते घरच्यांनाही सांगा. आणि गाडी पाण्यात गेलीच, तर आधी पट्टा सोडा आणि लगेच काच खाली करा. पहिल्या मिनिटभरात ती बहुधा उतरते. हातोडी त्यानंतर.

मी पाहून आलो. आमच्या मागच्या खिडक्या टेम्पर्ड आहेत, पुढच्या नाहीत. हातोडी मात्र इतकी वर्षं पुढेच होती...