पदवी परीक्षांचे बदलते नियम आणि आपली नोंदवही

आपल्या मंडळाच्या कार्यालयात एक जुनी नोंदवही आहे. ज्ञातीतील जो मुलगा अथवा मुलगी परीक्षा उत्तीर्ण होईल, त्याचे नाव, गाव, परीक्षा व वर्ष तीत लिहून ठेवण्याची प्रथा मंडळाच्या पूर्वसूरींनी घालून दिली. यंदा स्मरणिकेच्या कामासाठी ती वही चार दिवस माझ्याकडे होती. पाने उलटताना ध्यानात आले की, माणसांच्या नावांबरोबर परीक्षांची नावेही बदलत गेली आहेत. आरंभी ‘मॅट्रिक’, मग ‘एस. एस. सी.’, ‘इंटर आर्ट्‌स’, ‘प्री-डिग्री’, पुढे ‘बारावी’, आणि अगदी अलीकडच्या पानावर एका मुलाने स्वहस्ते लिहिलेले ‘टी. वाय., सेमिस्टर सहा, सी. जी. पी. ए. ८.१’. आजोबा व नातू समोरासमोर बसले तर एकाच्या शिक्षणाचा दुसऱ्यास बोध होऊ नये, अशी ही अवस्था आहे. ही नावे कशी बदलली आणि त्या बदलांनी कोणास दार उघडले, कोणास बंद केले, हे ज्ञातिबांधवांपुढे ठेवावे असे वाटले. प्रस्तुत लेखक स्वतः जुन्या अकरावीचा. पुढे अध्यापनाची पदविका घेऊन शाळामास्तर झालो, पदवीचे शिक्षण झाले नाही. तेव्हा पदवीविषयी लिहिण्याचा अधिकार काय, असे कोणी विचारल्यास, दाराबाहेर उभे राहणाऱ्यास उंबरठ्याची उंची अधिक ठाऊक असते, एवढेच उत्तर देता येईल.

मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी कायद्याने अस्तित्वात आले. त्याच वर्षी जानेवारीत कलकत्त्याचे व सप्टेंबरात मद्रासचे विद्यापीठ स्थापन झाले. या तिन्हींचे बीज १८५४ च्या वुडच्या खलित्यात होते आणि नमुना लंडन विद्यापीठाचा होता. शिकविण्याचे काम महाविद्यालयांचे. विद्यापीठाने परीक्षा घ्यावी व पदवी द्यावी, एवढीच योजना. विद्यापीठास प्रारंभी स्वतःची इमारतही नव्हती. पदवीदान समारंभ टाउन हॉलमध्ये होत. दीक्षान्त सभागृह १८७४ साली आणि राजाबाई मनोरा १८७८ साली पूर्ण झाला. म्हणजे वास्तूच्या आधी परीक्षा आली. आपल्याकडे शिक्षण म्हणजे परीक्षा असे जे समीकरण होऊन बसले, त्याचे मूळ थेट या जन्मपत्रिकेत सापडते.

पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली व पहिले बी. ए. १८६२ साली बाहेर पडले. ते चौघेच होते : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. या चौघांची कीर्ती सर्वांस ठाऊक आहे. पण त्यांच्या पाठोपाठ जो नियम बदलला, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. आरंभी परीक्षेत इंग्रजीच्या जोडीस देशी भाषा घेता येत असे. १८६० च्या दशकात विद्यापीठाने वरच्या परीक्षांतून देशी भाषा काढून टाकल्या आणि त्यांच्या जागी अभिजात भाषा घेणे आवश्यक केले. मराठी मॅट्रिकपर्यंत राहिली. पदवीच्या दालनातून ती बाहेर गेली.

ज्यांच्या घरी संस्कृताची परंपरा होती, त्यांस या नियमाचा फारसा त्रास झाला नाही. परंतु आपल्यासारख्या घरांत, जेथे आजा खतावणी मोडीत लिहीत असे आणि आजी ओव्या तोंडपाठ म्हणत असे, तेथील मुलाचे जे काही भाषाधन होते ते परीक्षेत एका गुणाच्याही कामाचे उरले नाही. आणि संस्कृत घ्यावे म्हटले तरी ते सर्वांस शिकावयास मिळत होते असेही नाही. डॉ. आंबेडकरांची इच्छा असूनही अस्पृश्य म्हणून त्यांस शाळेत संस्कृत शिकू दिले गेले नाही व फारसी घ्यावी लागली, हे त्यांनीच पुढे सांगितले आहे. कागदावर नियम सर्वांस सारखा असतो, वर्गात तो सारखा राहत नाही.

न्यायमूर्ती रानड्यांनी देशी भाषांना विद्यापीठात पुन्हा स्थान मिळावे म्हणून आयुष्याच्या अखेरपर्यंत प्रयत्न केले. जानेवारी १९०१ मध्ये ते निवर्तले. पुढे मराठीचा प्रवेश आधी एम. ए.ला आणि मग हळूहळू खालच्या परीक्षांत झाला. पायऱ्या खालून वर चढतात. मराठी मात्र विद्यापीठात वरून खाली उतरली.

स्त्रियांची कथा अशीच एका शब्दावर अडली होती. विद्यापीठाच्या नियमांत उमेदवारासाठी पुल्लिंगी सर्वनाम होते, आणि तेवढ्या आधारावर मुलींस परीक्षेला बसता येत नव्हते. १८८३ साली मुंबई विद्यापीठाने नियम सुधारला. त्याच वर्षी कलकत्त्यास कादंबिनी गांगुली व चंद्रमुखी बसू पदवीधर झाल्या, आणि त्या दशकाच्या अखेरीस पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून कॉर्नेलिया सोराबजी मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले, तेव्हा त्यांनी मातृभाषेतून शिक्षण, इंग्रजी हा आवश्यक विषय, आणि पदवीला ‘गृहीतागमा’ असे नाव ठेवले. मुंबई विद्यापीठाचा अभ्यासक्रम जसाच्या तसा न उचलता मुलींच्या सोयीने तो नव्याने बांधावा, हा त्यामागील विचार होता. सरकारी मान्यता नसलेल्या या पदवीची थट्टा करणारे त्या काळी थोडे नव्हते. कायद्याने मान्यता येण्यास १९४९ साल उजाडावे लागले.

लॉर्ड कर्झनच्या १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांच्या कारभाराची घडी बदलली. १९२८ साली मुंबई विद्यापीठासाठी नवा कायदा झाला. त्यापूर्वी १९२४ मध्ये विद्यापीठ सुधारणा समितीपुढे डॉ. आंबेडकरांनी लेखी साक्ष दिली होती. अध्यापन व संशोधन यांपासून तुटलेले, केवळ परीक्षा घेणारे विद्यापीठ अपुरे आहे, असा तिचा रोख होता. ज्या विद्यापीठाने त्यांस पदवी दिली, त्याचेच वर्म त्यांनी नेमके दाखविले.

आपल्यापैकी मराठवाड्यातील कुटुंबांचा अनुभव आणखी निराळा आहे. तेथील मुलांस हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे जावे लागे, आणि १९१८ साली निघालेल्या या विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. वहीत अशी चार-पाच नावे आहेत. घरी मराठी, परीक्षेत उर्दू, आणि १९४८ नंतर माध्यम बदलल्यावर त्याच मुलांच्या धाकट्या भावांस इंग्रजी! १९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा तिकडील बांधवांस किती हायसे वाटले असेल याची कल्पना मुंबई-पुण्यात बसून यावयाची नाही. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ चे, पुण्याचे १९४९ चे. विद्यापीठ जवळ येणे म्हणजे परीक्षेचे केंद्र जवळ येणे, आणि केंद्र जवळ येणे म्हणजे परगावी राहण्या-जेवण्याचा खर्च वाचणे. विद्वानांच्या ग्रंथांत हा हिशेब सहसा नसतो. आईबापांच्या मनात तोच पहिला असतो.

मॅट्रिकची परीक्षा विद्यापीठाकडून काढून स्वतंत्र मंडळाकडे देण्याचा कायदा मुंबई राज्यात १९४८ साली झाला आणि पुढल्या वर्षापासून एस. एस. सी. सुरू झाली. बोलण्यात मात्र ‘मॅट्रिक’ टिकून राहिले. अकरा वर्षे शाळा व त्यापुढे चार वर्षे महाविद्यालय, असा तो क्रम होता. त्या चार वर्षांत इंटरची परीक्षा म्हणजे मोठा घाट. वैद्यकी व अभियांत्रिकीचे प्रवेश इंटर सायन्सच्या गुणांवर ठरत; कला शाखेचा विद्यार्थीही इंटर ओलांडल्याखेरीज बी. ए.च्या वर्गात बसू शकत नसे. एखाद्या विषयात अडलेल्यास, इतर विषयांत सूट मिळण्याइतके गुण नसतील, तर सारी परीक्षा नव्याने द्यावी लागे.

माझे एक थोरले चुलतबंधू होते, त्यांस आम्ही दादा म्हणत असू. घरातून महाविद्यालयात गेलेले ते पहिले. १९६० च्या दशकात ते इंटर आर्ट्‌सला बसले आणि इंग्रजीत थोडक्या गुणांनी गेले. इतर विषय उत्तीर्ण होते, पण सूट मिळण्याजोगे नव्हते. दुसऱ्या वर्षी पुन्हा सगळे पेपर दिले. इंग्रजी सुटले, आणि आधी सुटलेले तर्कशास्त्र या वेळी राहिले. तिसऱ्या खेपेचे शुल्क व खाणावळीचे पैसे घरातून निघेनात. दादा परत आले व काकांच्या दुकानात बसले. पुढे त्यांनीच गावातील निम्म्या मुलांचे इंग्रजी फुकट तयार करून घेतले; त्यांतील पुष्कळजण पदवीधर झाले. नोंदवहीत दादांच्या नावापुढे ‘एस. एस. सी.’ एवढेच लिहिले आहे. दोन्ही वर्षे मिळून ते सर्व विषयांत उत्तीर्ण झाले होते. ज्या नियमाने ते अडले, तो आज असता तर आपल्या वहीतील अलीकडची निम्मी नावेही कदाचित गळाली असती.

कारण पुढे नियम सैल झाले. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील १९४८-४९ च्या आयोगाने, सर्व सुधारणांत एकच निवडावयाची झाल्यास ती परीक्षांची निवडू, असे सांगून ठेवले होते. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध सुचविला. महाराष्ट्रात १९७५ साली नव्या दहावीची पहिली परीक्षा झाली आणि जुनी अकरावी मावळली. बेरीज करून पाहावी : अकरा आणि चार पंधरा, दहा, दोन आणि तीनही पंधराच. वर्षे तितकीच राहिली, पण मधले एक वर्ष विद्यापीठाच्या हातून निघून मंडळाकडे आले व अनेक माध्यमिक शाळांनाच कनिष्ठ महाविद्यालये जोडली गेली. याचा जो परिणाम मी डोळ्यांनी पाहिला, तो असा की, इंटरसाठी ज्या मुलीस तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या गावी कोणी पाठविले नसते, ती गावच्या शाळेतच बारावीपर्यंत शिकू लागली. वहीत १९८० नंतर मुलींची नावे भराभर वाढतात, ती उगाच नव्हे. या बदलाने गोंधळ फार झाला, शिक्षकांची व पाठ्यपुस्तकांची ओढाताण झाली, हे खरे. तरी माझ्या मते आपल्यासारख्या समाजास याहून अधिक उपयोगी पडलेला बदल दुसरा नाही.

एक-दोन विषय राहिले तरी पुढच्या वर्गात बसू देणारी ए. टी. के. टी. आता इतकी अंगवळणी पडली आहे की, मुले तिला नातेवाइकासारखी हाक मारतात. जुने लोक तिची चेष्टा करतात. दादांची आठवण असल्यामुळे मला तशी चेष्टा करवत नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघाले व बारावी न झालेल्या प्रौढांसाठीही त्याने पूर्वतयारीची वाट काढली. वार्षिक परीक्षा जाऊन सत्रे आली, गुणांच्या जागी श्रेयांक आले. सारेच सुधारले असे मात्र म्हणवत नाही. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा घाट एकदम घातला आणि निकाल महिनोन्‌महिने रखडले. २०२० च्या महामारीत अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्यात की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. परीक्षेवाचून अंतिम वर्षाची पदवी देता येणार नाही, असा निर्णय ऑगस्टमध्ये झाला.

आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे नवी रचना लागू झाली आहे. एका वर्षास चाळीस ते चव्वेचाळीस श्रेयांक. पहिल्या वर्षाअखेर आवश्यक जादा श्रेयांक मिळवून थांबल्यास प्रमाणपत्र, दुसऱ्याअखेर पदविका, तिसऱ्याअखेर पदवी, चौथे वर्ष केल्यास विशेष पदवी. मध्येच थांबलेल्यास तीन वर्षांच्या आत परत येता येते व एकंदर सात वर्षांत अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. मिळविलेले श्रेयांक खात्यात जमा राहतात. पालकांनी ही मुदत वहीत लिहून ठेवावी, कारण ‘मग बघू’ म्हणता म्हणता तीन वर्षे सरतात. मध्येच बाहेर पडण्याची सोय गरीब घरातील मुलास परत येण्याची वाट ठरेल की बाहेर काढण्याची, ही धास्ती मला आहे. काका-मामांनी ‘प्रमाणपत्र मिळाले ना, आता दुकानात बस’ असे म्हणावयाचे ठरविले, तर नियमाचा काय दोष!

हे सर्व लिहिण्याचे निमित्त आपल्याच मंडळाचा एक नियम आहे. वार्षिक गुणगौरवाच्या छापील अर्जात ‘पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण : होय / नाही’ आणि ‘शिक्षणात खंड : होय / नाही’ अशा दोन ओळी आहेत. पहिलीला ‘नाही’ अथवा दुसरीला ‘होय’ लिहिणाऱ्याचा अर्ज बाजूस ठेवला जातो. तीन वर्षांमागे आपल्या एका भगिनीने दोन मुलांची लग्ने उरकल्यावर पंचेचाळिसाव्या वर्षी मुक्त विद्यापीठाची पदवी मिळविली. त्यांचा अर्ज याच कारणाने परत गेला. त्या काही बोलल्या नाहीत. समारंभास आल्या आणि पंगतीत वाढावयास उभ्या राहिल्या. विद्यापीठांनी जो नियम सोडून दिला, तो आपण जपून ठेवला आहे.

या दोन्ही ओळी अर्जातून काढाव्यात, असा लेखी ठराव मी कार्यकारिणीकडे दिला असून तो येत्या वार्षिक सभेपुढे येईल. त्याच्या जोडीस दुसरी विनंती केली आहे. नोंदवहीत जागा सोडून ज्यांची परीक्षा अर्ध्यावर राहिली त्यांचीही नावे, ज्या त्या घरच्यांच्या संमतीने, लिहावीत. कोणत्या वर्षी, कोणत्या परीक्षेत, कोणता विषय राहिला ते सांगावे. दादांच्या मुलाची संमती मी घेतली आहे. त्यांच्या नावापुढील रकान्यात ‘इंटर आर्ट्‌स, दोन वर्षांत सर्व विषय उत्तीर्ण’ असे लिहावयाचे आहे, आणि सभेची परवानगी मिळाल्यास ते मी स्वतःच्या हाताने लिहीन.