टायमरच्या अचूकतेचा पुरावा कोणाकडे मागावा?

एम्बेडेड सॉफ्टवेअरच्या मुक्तस्रोत प्रकल्पांत टायमरच्या कोडला हात लावणाऱ्याने प्रत्यक्ष बोर्डावर मोजून मायक्रोसेकंदाची अचूकता सिद्ध करावी, असा आग्रह धरला जातो. हा पूर्वपक्ष लेचापेचा नाही. त्याच्या हाताशी धाहरानचा दाखला असतो. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी तिथल्या पॅट्रियट यंत्रणेचा काळाचा हिशेब सुमारे ०.३४ सेकंदांनी चुकला, स्कड क्षेपणास्त्र अडवले गेले नाही आणि २८ अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले.

पण हाच दाखला पूर्वपक्षावर उलटतो. यंत्रणा सेकंदाचे दहावे भाग मोजत होती. ०.१ ही संख्या द्विमान पद्धतीत संपत नाही, त्यामुळे २४ बिटांत बसवताना तिची शेपूट छाटली गेली. दर मोजणीमागे चूक पडत होती सुमारे ९५ नॅनोसेकंदांची, म्हणजे मायक्रोसेकंदाच्या अटीत ती सहज बसली असती. यंत्रणा सलग १०० तास चालली आणि चूक साचत गेली. तिथे रूपांतराचे गणित दीर्घ काळापर्यंत ताणून तपासायला हवे होते. एकेका ठोक्याची अचूकता कितीही मोजली असती तरी दोष हाती लागला नसता.

शिवाय मोजलेला आकडा असतो कोणाचा? ३२,७६८ हर्ट्झच्या क्रिस्टलवर दोन ठोक्यांतले अंतरच ३०.५ मायक्रोसेकंद. दशलक्षात वीस भागांची चूक असलेला क्रिस्टल दिवसाकाठी १.७ सेकंद पुढेमागे होतो. एटीमेगा ३२८पी चिपच्या अंतर्गत आंदोलकाला तर कारखान्यातूनच १० टक्क्यांपर्यंत सूट आहे. कोड तोच, बोर्ड बदलला की निकाल बदलतो. ऑसिलोस्कोप नसलेल्या विद्यार्थ्याचा निर्दोष पॅच अशा आकड्यासाठी अडवून ठेवणे मला अन्यायाचे वाटते.

मागायचे ते वेगळे. सांगितलेल्या वेळेआधी टायमर कधीही सुटू नये. उशीर क्षम्य आहे. सिग्नलचा व्यत्यय सोडला तर नॅनोस्लीपबाबत पॉझिक्सचीही हीच अट आहे. दुसरे, अगदी लहान मुदत. तुलनेचा आकडा रजिस्टरमध्ये लिहिण्याआधीच गणक पुढे निघून गेला, तर ३२ बिटांचा, मायक्रोसेकंद मोजणारा गणक पूर्ण फेरी मारून येईपर्यंत दहा मायक्रोसेकंदांची मुदत सुमारे ७१ मिनिटांची होते. हा दोष क्वचितच उद्भवतो, सरासरी काढणाऱ्या मोजणीला तो बहुधा सापडत नाही. ती वेळ मुद्दाम जुळवून आणावी लागते. तिसरे, गणक भरून उलटणे. बोइंग ७८७ च्या जनित्र-नियंत्रकांतला असा दोष २४८ दिवस अखंड वीजपुरवठा राहिल्यावर प्रकटतो, असा इशारा अमेरिकी विमान प्रशासनाने २०१५ मध्ये दिला. असे दोष लवकर उघडे पडावेत म्हणून लिनक्समध्ये जिफीज या ठोके मोजणाऱ्या गणकाचा आरंभच असा ठेवला आहे, की ३२ बिटांचा गणक यंत्र सुरू झाल्यावर पाच मिनिटांत उलटावा. या तिन्ही चाचण्यांसाठी कोणतेही महागडे उपकरण लागत नाही.

नव्या चिपचा टायमर-ड्रायव्हर देणाऱ्याला मात्र मोजणीतून सवलत नको. घड्याळाचा भाजक त्याने स्वतः निवडलेला असतो. त्याने बोर्ड जोडावा, मोजावे आणि कोणत्या क्रिस्टलवर मोजले तेही लिहावे.