बुधला, बाटली आणि भाषांतरकार

सेमिनरीत जुन्या इंग्रजी प्रतीतून शुभवर्तमान वाचताना एका शब्दापाशी आम्ही अडखळत असू. नवा द्राक्षारस जुन्या बाटल्यांत भरला तर बाटल्या फुटतात, असे प्रभू येशूच्या दाखल्यात तेथे छापलेले होते. बाटली केवळ जुनी झाली म्हणून का फुटावी, याचा उलगडा होत नसे.

मूळ ग्रीक शब्द आहे ‘आस्कोस’, म्हणजे कातड्याची पिशवी. बकऱ्याचे कातडे कमावून, शिवून ती तयार करीत. ताजा द्राक्षारस आंबू लागला की त्यातून वायू सुटतो. नवे कातडे त्यासरशी ताणले जाते. जुने मात्र वाळून ताठर झालेले असते, ते फाटते. दाखल्याचा सारा अर्थ या ताणावर उभा आहे.

मग इंग्रजीत ‘बॉटल’ कशी शिरली? यात भाषांतरकारांचा दोष नाही. पिंप या अर्थाच्या लॅटिन शब्दाचे लघुरूप फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले आणि मध्ययुगीन इंग्लंडात कातड्याच्या पात्रालाही ‘बॉटल’ म्हणत. चौदाव्या शतकात विक्लिफच्या परंपरेतील भाषांतराने तोच शब्द योजला. विल्यम टिंडलने १५२६ साली ‘व्हेसल’, म्हणजे नुसते ‘पात्र’, असा सावध शब्द पसंत केला. त्यात चूक नव्हती, परंतु कातडे दिसेनासे झाले. पुढे १५८२ चा कॅथलिकांचा ऱ्हेम्स नवा करार आणि १६११ ची प्रॉटेस्टंटांची किंग जेम्स आवृत्ती, दोन्ही ‘बॉटल’कडे परतल्या. श्रद्धेच्या वादात परस्परांसमोर उभे ठाकलेले हे पंडित या एका शब्दावर मात्र एकमत होते.

नंतर शब्द जागीच राहिला, वस्तू बदलली. जहाजबांधणीसाठी लाकूड वाचावे म्हणून त्याच जेम्स राजाने १६१५ साली काचभट्ट्यांत लाकूड जाळण्यास बंदी घातली. दगडी कोळशाच्या प्रखर आचेवर पुढील दशकांत जाड, मजबूत बाटल्या होऊ लागल्या आणि ‘बॉटल’ म्हणजे काचेची हा अर्थ रूढ झाला. अखेर १८८१ च्या सुधारित आवृत्तीने ‘वाइनस्किन’ हा शब्द घेतला. तोवर २७० वर्षे लोटली होती.

टोपल्यांची गोष्टही अशीच. पाच हजारांच्या भोजनानंतर उरलेल्या १२ टोपल्यांना ग्रीकमध्ये ‘कोफिनोस’ म्हटले आहे, तर चार हजारांच्या वेळच्या ७ टोपल्यांना ‘स्पिरिस’. संत पौलाला दमास्कसच्या तटावरून खाली सोडले तेही प्रेषितांच्या कृत्यांत ‘स्पिरिस’मधूनच, म्हणजे माणूस मावेल एवढी ती मोठी असे. किंग जेम्स आवृत्तीने सर्वत्र ‘बास्केट’ हा एकच शब्द ठेवला आणि फरक पुसला गेला. मराठीजवळ टोपली आहे, पाटी आहे, हारा आहे. हे वैभव आपण सहज विसरतो.

मराठी शास्त्रपाठाने दाखल्यासाठी ‘बुधला’ निवडला. तेला-तुपाचा कातडी बुधला ज्यांनी पाहिला होता, त्यांना अर्थ चटकन कळे. पण आज धर्मशिक्षणाच्या वर्गातील किती मुलांनी पखाल किंवा कातडी मोट पाहिली आहे? ‘बॉटल’ची जी गत झाली तीच ‘बुधल्या’ची होऊ शकते. शब्द बदलावा की न बदलावा, हे पंडित ठरवतील. तोवर हा दाखला घरी वाचताना, बुधला कातड्याचा असे आणि जुने कातडे ताणत नसे, एवढे तरी मुलांना अवश्य सांगावे.