कठीणपणाच्या आकड्यावर भिस्त नको

दात जितका कठीण तितके हत्यार चांगले, हे मत पेडण्याच्या चिरेखणींपासून डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या लेथपर्यंत सहज ऐकू येते. मला ते चुकीचे वाटते, आणि चिऱ्याचीच, म्हणजे जांभ्या दगडाचीच, साक्ष काढून ते खोडता येते.

पूर्वपक्षाला आधार आहे, हे आधी मान्य करू. खणीतला ताजा चिरा मऊ असतो; हवा लागली की घट्ट होतो. पण मऊपणातही लोह-ऑक्साइडच्या गाठी आणि कुठे कुठे क्वार्ट्‌झचे कण दडलेले असतात. कठीणपणाच्या विकर्स मापावर क्वार्ट्‌झ सुमारे 1,100 भरतो. साध्या पोलादाचा दात त्यापुढे झिजणारच. जर्मनीत कार्ल श्रोटर यांनी 1923 साली पेटंटसाठी सादर केलेले कोबाल्टयुक्त टंगस्टन कार्बाइड 1,300 ते 1,800 पर्यंत जाते, म्हणून करवतीच्या दातांना त्याच्या टिपा लावतात.

मग 2,000 च्या घरातले ॲल्युमिना सिरॅमिक का लावत नाहीत? विकर्स चाचणीत हिऱ्याचा सुळका गुळगुळीत पृष्ठभागावर सावकाश दाबतात. करवतीचा दात मात्र मऊ भागातून निघून थेट गाठीवर आदळतो. त्या ठोक्याला लागते चिवटता, म्हणजे भेग पसरू न देण्याची ताकद; आणि ॲल्युमिनाची चिवटता कार्बाइडच्या निम्मीही नाही. त्याची धार झिजण्याआधी फुटते.

चिवटता रचनेतून येते. कार्बाइडचे मायक्रॉनच्या मापातले कण कोबाल्टने बांधलेले असतात. कोबाल्ट वाढवला की चिवटता वाढते, कठीणपणा उतरतो. क्वार्ट्‌झ आधी हा मऊ कोबाल्ट खरवडतो, मग आधार गेलेले कण सुटतात. कण बारीक असले की मधला कोबाल्टचा थर पातळ राहतो आणि झीज मंदावते. घटक तेच, दात वेगळा. सिरॅमिकचेही तसेच: ॲल्युमिनात सिलिकॉन कार्बाइडचे सूक्ष्म तंतू मिसळले की भेग त्यांच्यापाशी वळते, अडते.

हिऱ्याचे नाव घेऊन वाद संपतो असे वाटणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. तापलेल्या पोलादात हिऱ्यातला कार्बन विरघळतो. म्हणून कडक केलेल्या शाफ्टवर 1957 साली प्रथम तयार झालेला घनीय बोरॉन नायट्राइड वापरतात, तो हिऱ्याहून मऊ असूनही. दगड कापणाऱ्या पात्यांत हिऱ्याचे कण धातूच्या बंधकात बसवलेले असतात. ग्रॅनाइटसाठी हा बंधक मऊ ठेवतात, म्हणजे तो झिजून नवे कण उघडे पडतात. पाते झपाट्याने खाणाऱ्या खरखरीत दगडासाठी बंधक कठीण घेतात. हिरा दोन्हीकडे तोच असतो.