वर्गाबाहेरचा विद्यार्थी : ग्रामीण महाराष्ट्रातील विद्यार्थी विकासाची ऐतिहासिक वाटचाल (बारामती–इंदापूर परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

‘विद्यार्थी विकास’ हा शब्दप्रयोग महाविद्यालयीन व्यवहारात आता चांगलाच रुळला आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये विद्यार्थी विकास मंडळाची स्वतंत्र तरतूद आहे. व्यक्तिमत्त्व विकास शिबिरे, श्रमदान, कला-क्रीडा स्पर्धा, ‘कमवा व शिका’ योजना अशा अनेक उपक्रमांचा समावेश या संकल्पनेत केला जातो. वर्गातील अध्यापन हे मुख्य कार्य आणि वर्गाबाहेरील उपक्रम ही त्याची पुरवणी, अशी सर्वसाधारण समजूत असते. ग्रामीण महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात मात्र हा क्रम उलटा आढळतो. येथे राहण्याची, जेवणाची आणि श्रमाची व्यवस्था आधी उभी राहिली. त्या व्यवस्थेच्या आधारावरच खेड्यातील मूल वर्गापर्यंत पोहोचू शकले. प्रस्तुत निबंधात या वाटचालीचा आढावा घेऊन तिचा आजच्या संदर्भात अर्थ लावण्याचा प्रयत्न केला आहे.

परिसराची पार्श्वभूमी

बारामती व इंदापूर हे पुणे जिल्ह्याच्या आग्नेयेकडील तालुके नीरा आणि भीमा या नद्यांच्या खोऱ्यात वसलेले आहेत. नीरेच्या पलीकडे सातारा जिल्ह्याची, तर भीमेच्या पलीकडे सोलापूर जिल्ह्याची हद्द लागते. पर्जन्यछायेतील या प्रदेशाने १८७६–७७ च्या दुष्काळाचे चटके सोसले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा झाला आणि कालव्याखालील गावांचे अर्थकारण पालटू लागले. बारामती–नीरा मार्गावरील कोऱ्हाळे बुद्रुक हे याच बागायती पट्ट्यातील गाव होय. पुढे सहकारी साखर कारखानदारीने या पट्ट्याला स्थैर्य दिले. त्याच बारामती तालुक्याचा सुपे–मोरगावकडील भाग मात्र दीर्घकाळ जिरायतीच राहिला.

पाणी आले म्हणून उच्च शिक्षण लगेच आले नाही. बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू झाले ते १९६२ मध्ये. तत्पूर्वी या भागातील विद्यार्थ्याला महाविद्यालयीन शिक्षणासाठी पुण्यासारख्या शहराची वाट धरावी लागे. फीचा प्रश्न होताच. पण परक्या शहरात राहायचे कोठे आणि दोन वेळचे जेवायचे काय, हा प्रश्न त्याहून मोठा होता. शेतकरी कुटुंबाचे उत्पन्न सुगीवर अवलंबून, तर खाणावळीचे पैसे दरमहा द्यावे लागत. अनेकांचे शिक्षण या विसंगतीपाशीच खुंटत असे.

कोल्हापूरची वसतिगृह चळवळ

या अडचणीचे नेमके निदान राजर्षी शाहू महाराजांनी केले होते. १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगची स्थापना झाली आणि त्यानंतर जैन, लिंगायत, मुस्लिम आदी समाजांसाठी वसतिगृहे निघाली. १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. त्या काळातील जातिबंधने लक्षात घेता प्रत्येक समाजासाठी वेगळे वसतिगृह हा व्यवहार्य मार्ग होता. यामुळे खेड्यातील मुलांना शहरात आसरा मिळाला. तथापि, एकाच वर्गात शेजारी बसणारी मुले जेवायला मात्र वेगवेगळ्या पंगतीत जात राहिली.

पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुढाकाराने १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेनेही आपल्या आरंभीच्या कार्यात वसतिगृहाला अग्रस्थान दिले. तिचे वसतिगृह १९२५ मध्ये सोलापूर येथे सुरू झाले. भिन्न सामाजिक भूमिकांतून कार्य करणाऱ्या या नेत्यांनी आरंभ वसतिगृहापासूनच करावा, ही बाब लक्षणीय आहे.

साताऱ्याचा प्रयोग

कर्मवीर भाऊराव पाटील (१८८७–१९५९) यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. या वसतिगृहाने शाहू महाराजांचे केवळ नाव घेतले नाही, तर त्यांच्या कार्याला पुढचे पाऊल जोडले. सर्व जातिधर्मांची मुले येथे एकाच छपराखाली राहत, स्वयंपाक करीत आणि एकाच पंगतीत जेवत. धान्य निवडणे, पाणी भरणे, झाडलोट, शेतीकाम ही कामे विद्यार्थ्यांनी आपसांत वाटून घेतलेली असत. घरोघरच्या गृहिणींकडून मूठमूठ धान्य गोळा करून वसतिगृहाचा निर्वाह चाले. प्रसंगी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरील दागिने, अगदी मंगळसूत्रही, मुलांच्या अन्नासाठी दिले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले.

या प्रयोगात श्रमाचे प्रयोजन दुहेरी होते. त्यातून खर्चाला हातभार लागे, हा पहिला भाग. दुसरा भाग अधिक महत्त्वाचा होता. आपण कोणाच्या दयेवर शिकत नाही, ही जाणीव मुलाच्या मनात रुजे. जी कामे परंपरेने विशिष्ट जातींच्या माथी मारली होती, ती सर्वांनी मिळून केल्यामुळे त्या कामांना चिकटलेला हीनपणाही गळून पडे. समतेचा धडा येथे पुस्तकाऐवजी चुलीपाशी आणि शेतात गिरवला जात होता.

संस्थेच्या विकासाचा क्रमही बोलका आहे. आधी वसतिगृह, मग १९३५ मध्ये ग्रामीण शिक्षक घडविणारे अध्यापक विद्यालय, १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. म्हणजे महाविद्यालय हे या साखळीतील अखेरचे टोक होते.

स्वातंत्र्योत्तर कालखंड

स्वातंत्र्यानंतर हा विचार अनेक वाटांनी विस्तारला. पुण्यात १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने विद्यार्थी साहाय्यक समितीची स्थापना झाली. ग्रामीण भागातून पुण्यात शिकायला येणाऱ्या गरजू विद्यार्थ्यांच्या निवासाची व भोजनाची सोय या संस्थेने केली. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजनेचा आरंभ ३७ विद्यापीठांतील सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांसह झाला. तिच्यामुळे शहरातील विद्यार्थी शिबिराच्या निमित्ताने खेड्यात जाऊ लागला. पुणे विद्यापीठाने ‘कमवा व शिका’ योजनेला कर्मवीरांचेच नाव दिले.

दरम्यान महाविद्यालये खेड्यांच्या जवळ आली. बारामतीत १९७२ मध्ये विद्या प्रतिष्ठानची स्थापना झाली. कोऱ्हाळे बुद्रुकलगतच्या सोमेश्वरनगर येथे मुगुटराव साहेबराव काकडे महाविद्यालय उभे राहिले. परिणामी विद्यार्थ्याने घर सोडण्याची गरज कमी झाली. मुलींच्या दृष्टीने हा बदल अधिक मोलाचा ठरला. आरंभीची वसतिगृहे प्रामुख्याने मुलांची होती. मुलीला परगावी ठेवण्यास कुटुंबे तयार नसत. शालेय मुलींना एस.टी.चा मोफत प्रवास देणारी अहिल्याबाई होळकर योजना ही या अर्थाने वर्गाबाहेरील व्यवस्थेचेच उदाहरण आहे. एका पासाने गाव आणि शाळा यांतील अंतर अनेक मुलींसाठी ओलांडण्याजोगे झाले.

योजना आणि मूल्य

मूळ प्रयोगाचे योजनेत रूपांतर झाल्याने त्याचा लाभ विस्तारला, परंतु आशय काहीसा पातळ होण्याचा धोकाही निर्माण झाला. शाहू बोर्डिंगमध्ये श्रम सर्वांनाच करावे लागत. सधन मुलगाही त्यातून सुटत नसे. ‘कमवा व शिका’ योजनेत सहसा केवळ गरजू विद्यार्थीच काम करतो. तासांची नोंद व मानधन यांवरच भर राहिला, तर श्रम पुन्हा गरिबीची खूण ठरू शकते. ज्या संकोचातून मुलांना मुक्त करण्यासाठी हा प्रयोग जन्माला आला, तोच संकोच त्यातून परत येऊ नये, याची दक्षता महाविद्यालयांनी घेणे आवश्यक आहे.

निवासाचा मूळ प्रश्नही पुरता मिटलेला नाही. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात दरवर्षी गळीत हंगामात बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांची कुटुंबे येतात. त्यांच्या मुलांची शाळा गावी आणि आईवडील फडात, अशी स्थिती असते. या मुलांसाठी राज्य शासनाने २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेचा निर्णय घेतला. शंभर वर्षांपूर्वी साताऱ्यात जे उत्तर शोधले गेले, त्याचीच गरज आज ऊसाच्या फडाशेजारी भासत आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, ग्रामीण विद्यार्थ्याच्या बाबतीत निवास, अन्न व प्रवास यांची सोय ही शिक्षणाची पूर्वअट आहे. दुसरी, कोल्हापूरच्या वसतिगृहांनी प्रवेशाचा, तर साताऱ्याच्या वसतिगृहाने सहजीवनाचा प्रश्न सोडविला. विद्यार्थी विकासासाठी दोन्हींची आवश्यकता आहे. तिसरी, श्रमाची प्रतिष्ठा सर्वांच्या सहभागानेच टिकते. विद्यार्थी विकास मंडळाच्या कार्याचे मूल्यमापन उपक्रमांच्या संख्येवरून होत राहील. परंतु कोणता विद्यार्थी कशाअभावी वर्गापर्यंत पोहोचू शकला नाही, याची नोंद हेच त्याचे खरे मोजमाप ठरेल.