सोलापूरचं ऊन आणि एमएसचा दुसरा टप्पा

एप्रिल-मेमध्ये आपल्या सोलापुरात पारा चाळिशी सहज ओलांडतो. अशा उन्हात मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, असलेल्या माणसाची नजर अंधुक होते, पाय लटपटतात. घरचे म्हणतात, ‘ऊन लागलं.’ हे अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्याचा इतिहास आज आपण पाहू.

१८६८ साली पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को या डॉक्टरांनी हा स्वतंत्र आजार म्हणून मांडला. यात शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडते. वायरीवरचं प्लास्टिक निघावं, तसं. १८९० मध्ये जर्मन नेत्रतज्ज्ञ उथॉफ यांनी नोंदवलं की श्रमानंतर काही रुग्णांची नजर मंदावते आणि विश्रांतीनंतर परत येते. मूळ कारण अंगातली उष्णता, हे पुढे कळलं. मग डॉक्टर संशयित रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं वाढतात का ते बघायचे! १९८०च्या दशकात एमआरआय आला आणि ही चाचणी मागे पडली.

आता दुसरी गोष्ट. बहुतेकांचा आजार झटक्यांनी सुरू होतो. झटका येतो, उतार पडतो. काही वर्षांनी झटके कमी होतात. आपल्याला वाटतं, सुटलो. पण अनेकांची चाल मात्र हळूहळू खालावत राहते. हा दुसरा टप्पा, सेकंडरी प्रोग्रेसिव्ह एमएस. डॉक्टरांना तो दिसत होता, पण त्याची सर्वमान्य व्याख्या १९९६ साली ठरली. झटके कमी करणारं पहिलं औषध अमेरिकेत १९९३ मध्येच मंजूर झालं होतं. झटके मोजता येतात. हळू झीज मोजणं अवघड. म्हणून औषधंही आधी झटक्यांवरच आली. दुसऱ्या टप्प्यात आजार अजून सक्रिय असेल, तर त्यासाठी सिपोनिमॉड २०१९ मध्ये मंजूर झालं. झालेली झीज ते भरून काढत नाही.

आपल्याकडे मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ पासून काम करते आहे. तरी १९९५च्या अपंगत्व कायद्यातल्या सात प्रकारांत एमएसचं नाव नव्हतं. २०१६च्या कायद्यात प्रकार एकवीस झाले आणि त्यात ते आलं. आता एमएसच्या नावाने दिव्यांग प्रमाणपत्र मागता येतं. पाय चालतात तोवर कशाला, असं म्हणून ते लांबवू नका.

मग घरी काय करायचं? व्यायाम सकाळच्या गारव्यात. दुपारी मानेवर ओला सोलापुरी टॉवेल. स्नायूंचा ताठरपणा आणि लघवीची तक्रार डॉक्टरांना न लाजता सांगायची. दोन्हींवर उपाय आहेत. अचानक बिघडलं, तर आधी ताप किंवा लघवीचा संसर्ग आहे का, ते तपासून घ्यायचं. औषध मनाने बंद करायचं नाही.

आणि ऊन कोणतं, आजार कोणता, हे कसं ओळखायचं? उन्हाचा त्रास अंग गार झालं की ओसरतो. झीज थंडीतही राहते. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला आपण जातोच. घरापासून होम मैदानापर्यंत कुठे-कुठे बसावं लागलं, ते वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी पुन्हा लिहा. थांबे वाढले, तर ती वही घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जा. उन्हाळ्याची वाट पाहू नका.