स्कॉट घराणे

स्कॉट घराणे : अठराव्या शतकाच्या अखेरीस मुंबईजवळच्या साष्टी बेटावर पवईची शेतजमीन धारण करणारे आणि पुढे ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स येथे जमीनदार-शेतकरी म्हणून स्थायिक झालेले एक ब्रिटिश घराणे. समुद्रापार जाऊन शेती करणाऱ्या बहुतेक ब्रिटिश कुटुंबांचा इतिहास इंग्लंड वा स्कॉटलंडमधील एखाद्या खेड्यापासून सुरू होतो व थेट वसाहतीत पोहोचतो. स्कॉट घराण्याच्या बाबतीत या दोहोंच्या मध्ये मुंबईचा एक महत्त्वाचा टप्पा आहे. वसाहतीत शेती करणाऱ्या पिढीतील तिघे भाऊ मुंबईत जन्मले होते. विक्रोळी, भांडुप, पवई या आजच्या उपनगरांचा जमीनविषयक इतिहास आणि ऑस्ट्रेलियातील हंटर नदीच्या खोऱ्याचा इतिहास या एका कुटुंबामुळे परस्परांशी जोडला गेला आहे.

डॉ. हेलेनस स्कॉट (१७६०–१६ नोव्हेंबर १८२१) : घराण्याचे मूळ पुरुष. स्कॉटलंडमधील डंडी शहराजवळच्या ऑक्टरहाउस येथील एका धर्मोपदेशकाचे ते पुत्र. वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते ईस्ट इंडिया कंपनीच्या वैद्यकीय सेवेत शिरले व मुंबई इलाख्यात त्यांनी सुमारे तीस वर्षे काढली. तरुणपणी त्यांनी एका रुपयाच्या तोंडून सांगितलेली ॲडव्हेंचर्स ऑफ अ रुपी (१७८२) ही कादंबरी लिहिली. भारतीय कारागिरीचे त्यांना कुतूहल होते. लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार असे. त्यांनी १७९४ मध्ये बँक्स यांच्याकडे पाठविलेल्या ‘वूट्झ’ या भारतीय पोलादाच्या नमुन्यांमुळे या धातूच्या शास्त्रीय अभ्यासास इंग्लंडमध्ये चालना मिळाली. नाक कापले गेलेल्या रुग्णास नवे नाक बसविण्याच्या देशी शस्त्रक्रियेची माहितीही त्यांनी बँक्स यांना कळविली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस देवीची लस टोचण्यात आली. भारतातील हे पहिले यशस्वी लसीकरण मानले जाते. मुंबईतील वैद्यकीय अधिकारी म्हणून या कार्यात स्कॉट यांचा प्रमुख वाटा होता.

पवईची जमीन : मराठ्यांकडून १७७४ मध्ये घेतलेले साष्टी बेट १७८२ च्या सालबाईच्या तहाने इंग्रजांकडे कायम झाले. मुंबई बेटाला धान्य, ऊस व भाजीपाला पुरविणारा प्रदेश म्हणून कंपनी सरकारने साष्टीकडे लक्ष दिले आणि तेथील गावे वा गावांचे गट खाजगी व्यक्तींना ठराविक खंडाने देण्याचे धोरण स्वीकारले. पडीक जमीन लागवडीखाली आणावी, नवी पिके करून पहावीत व सरकारचा वसूल निश्चित व्हावा, असा त्यामागील उद्देश होता. १७९९ मध्ये पवईची जमीन वार्षिक ३,२०० रु. खंडाने डॉ. स्कॉट यांना देण्यात आली. शेजारचे भांडुप १८०३ मध्ये ल्यूक ॲशबर्नर या इंग्रज गृहस्थाकडे गेले आणि तेथे ऊस व रम दारू यांचा धंदा उभा राहिला. मुंबई व साष्टी जोडणारा शीवचा बांध याच सुमारास, म्हणजे १८०५ मध्ये, पूर्ण झाल्याने या गावांचा मुंबईशी संबंध अधिक निकट झाला.

या व्यवहाराचे स्वरूप लक्षात घेण्यासारखे आहे. साष्टीतील गावे ओसाड नव्हती. तेथे आगरी, कोळी, कुणबी व ख्रिस्ती कुटुंबे भातशेती, मिठागरे व मासेमारी यांवर उपजीविका करीत होती आणि डोंगराळ भागात वारली लोकांची वस्ती होती. खंडाने जमीन घेणाऱ्यास मुख्यतः कसणाऱ्यांकडून सारा घेण्याचा आणि पडीक जमिनीचा उपयोग करण्याचा हक्क मिळे. नांगर पूर्वीच्याच हातात राही, परंतु गावकरी व सरकार यांच्यामध्ये एक नवा धनी उभा राही. डॉ. स्कॉट हे असे धनी होते. ते स्वतः शेत कसणारे नव्हते. जमीन सरकारकडून मिळते आणि ती सुधारून दाखविली की तिच्यावरील हक्क दृढ होतो, ही व्यवस्था त्यांच्या कुटुंबाने प्रथम साष्टीत अनुभवली.

स्कॉट यांच्यानंतर सरकारने ही जमीन ताब्यात घेतली व १८२९ मध्ये ती फ्रामजी कावसजी बनाजी (१७६७–१८५१) या पारशी व्यापाऱ्यास दिली. पवई, तिरंदाज, साकी, पासपोली, तुंगवे इ. गावे तिच्यात मोडत होती. फ्रामजींनी विहिरी खोदल्या, रस्ता बांधला, आमराया लावल्या आणि ऊस, नीळ व रेशमासाठी तुती यांची लागवड केली. १८३८ मध्ये त्यांनी व्हिक्टोरिया राणीस आगबोटीने आंबे पाठविले होते. लगतची विक्रोळीची जमीनही १८३० च्या दशकात ईस्ट इंडिया कंपनीकडून त्यांच्याकडे आली.

न्यू साउथ वेल्समधील स्थलांतर : ऑगस्टा मरिया फ्रेडरिक यांच्याशी झालेल्या विवाहापासून डॉ. स्कॉट यांना अनेक अपत्ये झाली. रॉबर्ट (सु. १७९९–१८४४), अलेक्झांडर वॉकर (१८००–८३) व हेलेनस (१८०२–७९) या तिघांचा जन्म मुंबईत झाला. भारतातून परतल्यावर डॉ. स्कॉट यांनी बाथ व नंतर लंडन येथे वैद्यकीचा व्यवसाय केला. परंतु साठी उलटल्यावर रॉबर्ट व हेलेनस या मुलांसह ते न्यू साउथ वेल्सला निघाले. प्रवासातच त्यांचा मृत्यू झाला. मुले १८२२ मध्ये सिडनीस पोहोचली. काही वर्षांनी त्यांची आई व बहीण ऑगस्टा मरिया यादेखील तेथे येऊन राहिल्या.

त्या काळी न्यू साउथ वेल्समध्ये वसाहतकऱ्याने बरोबर आणलेल्या भांडवलाच्या प्रमाणात सरकार जमीन देई. १८३१ मध्ये ही पद्धत बंद होऊन जमिनीची लिलावाने विक्री सुरू झाली. दोघा भावांना सिंगल्टनजवळ हंटर नदीकाठी प्रत्येकी २,००० एकर जमीन मिळाली. तिला त्यांनी ‘ग्लेंडन’ हे नाव दिले. पुढे या जमिनीत बरीच भर पडली. मेंढ्या व गुरे यांबरोबरच उत्तम जातीच्या घोड्यांची पैदास हे ग्लेंडनचे वैशिष्ट्य ठरले. न्यू साउथ वेल्सचे घोडे पुढे भारतातील लष्करासाठी मोठ्या प्रमाणावर खरेदी केले जात व ‘वेलर’ या नावाने ओळखले जात. ग्लेंडनच्या घरी निसर्गाभ्यासकांचे येणेजाणे असे. जर्मन समन्वेषक लूटव्हिख लाइखहार्ट हे त्यांपैकी एक होत.

पवई व ग्लेंडन या दोन्ही जमिनी सरकारी देणगीच्या असल्या, तरी त्यांत एक मूलभूत भेद होता. साष्टीत जमिनीबरोबर कसणारी कुळे मिळत व त्यांचे अस्तित्व महसुली दप्तरात नोंदलेले असे. हंटर खोऱ्यात वोनारुआ व इतर आदिवासी समाज हजारो वर्षे राहत असूनही सरकारने त्यांचा जमिनीवरील कोणताही हक्क मानला नाही. १८३५ मध्ये गव्हर्नर बर्क यांनी काढलेल्या जाहीरनाम्याने या भूमिकेवर शिक्कामोर्तब केले आणि ती १९९२ मधील माबो खटल्याच्या निकालापर्यंत कायद्यात टिकून होती. शेतकामासाठी कुळांच्या जागी इंग्लंड-आयर्लंडहून हद्दपार केलेले कैदी नेमून दिले जात. ग्लेंडनची उभारणी मुख्यतः त्यांच्या श्रमांवर झाली.

मायॉल क्रीक हत्याकांड : या व्यवस्थेतील अन्याय १८३८ मध्ये उघड झाला. त्या वर्षी १० जून रोजी मायॉल क्रीक येथे गुराख्यांच्या एका टोळीने किमान २८ निःशस्त्र आदिवासींची हत्या केली. त्यांत स्त्रिया व मुले बहुसंख्य होती. गव्हर्नर जॉर्ज गिप्स यांच्या सरकारने अकरा जणांवर खटला भरला. त्यांच्या बचावासाठी हंटर खोऱ्यातील जमीनदारांनी वर्गणी गोळा केली व या हालचालीचे नेतृत्व रॉबर्ट स्कॉट यांनी केले. ते स्वतः मॅजिस्ट्रेट होते. पहिल्या खटल्यात आरोपी सुटले. दुसऱ्यात सात जणांना दोषी ठरवून १८ डिसेंबर १८३८ रोजी फाशी देण्यात आले. पुढे गिप्स यांनी रॉबर्ट यांना मॅजिस्ट्रेटच्या पदावरून दूर केले. आदिवासींच्या हत्येबद्दल गोऱ्यांना देहदंड झाल्याचे हे अपवादात्मक उदाहरण होय. विद्येची आवड, अगत्य व सुसंस्कृत राहणी यांसाठी ख्यातनाम असलेल्या घराने या प्रसंगी घेतलेली बाजू घराण्याच्या इतिहासातून वेगळी काढता येत नाही.

ऱ्हास : १८३८ नंतरचा दुष्काळ, लोकरीच्या भावातील घसरण व १८४३ मधील बँक ऑफ ऑस्ट्रेलियाची दिवाळखोरी यांमुळे कर्जावर उभ्या राहिलेल्या अनेक जमीनदाऱ्या कोसळल्या. रॉबर्ट १८४४ मध्ये मरण पावले, तर हेलेनस यांचे दिवाळे निघाले व अखेर न्यूकॅसल येथे पोलीस मॅजिस्ट्रेटची नोकरी करून त्यांना कुटुंब पोसावे लागले. अलेक्झांडर वॉकर यांना हंटरच्या मुखाशी ॲश बेटावर २,५६० एकर जमीन मिळाली होती. तेथे त्यांनी संत्र्यांची बाग लावली, तसेच इतर उद्योगांतही पैसा गुंतविला. पण १८६६ मध्ये तेही कर्जबाजारी झाले. सरकारी देणगीने आरंभ झालेली घराण्याची शेती अशा रीतीने जवळजवळ एका पिढीतच संपली.

पुढील पिढी : जमीन गेल्यावर घराण्याचे नाव टिकले ते मुख्यतः तिसऱ्या पिढीमुळे. अलेक्झांडर वॉकर हे कीटकशास्त्रज्ञ होते. ऑस्ट्रेलियन पतंग व फुलपाखरे यांवरील त्यांच्या ग्रंथाची (१८६४) चित्रे हॅरिएट (१८३०–१९०७) व हेलेना (१८३२–१९१०) या त्यांच्या मुलींनी ॲश बेटावर जिवंत नमुने पाळून काढली. अळीपासून पूर्ण कीटकापर्यंतच्या अवस्था व त्यांच्या खाद्यवनस्पती यांचे त्यांतील चित्रण अभ्यासकांना आजही उपयुक्त वाटते. वडिलांच्या आर्थिक आपत्तीनंतर दोघींना चित्रे काढून उदरनिर्वाह करावा लागला. त्यांची मूळ चित्रे सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्यूझियममध्ये आहेत.

हेलेनस यांची कन्या रोझ स्कॉट (१८४७–१९२५) यांचा जन्म ग्लेंडन येथे झाला. १८९१ मध्ये स्थापन झालेल्या न्यू साउथ वेल्सच्या स्त्री-मताधिकार संघाच्या त्या चिटणीस होत्या. दुकानांतील कामाचे तास, मुलींचे संमतिवय इ. प्रश्नांवरही त्यांनी चळवळ केली. न्यू साउथ वेल्समधील स्त्रियांना १९०२ मध्ये मताधिकार मिळाला. त्याच वर्षीच्या ऑस्ट्रेलियन संघराज्याच्या कायद्याने मात्र स्त्रियांना मत देताना त्या खंडातील आदिवासींना व आशिया खंडातील मूळ रहिवाशांना सामान्यतः वगळले. वोनारुआ लोक आणि साष्टीतून तेथे जाऊन राहू शकणारा शेतकरी हे दोघेही या तरतुदीने मतापासून दूर ठेवले गेले.

डॉ. स्कॉट यांच्या कन्या ऑगस्टा मरिया यांचा विवाह १८३३ मध्ये डॉ. जेम्स मिचेल यांच्याशी झाला. त्यांचे पुत्र डेव्हिड स्कॉट मिचेल (१८३६–१९०७) यांना हंटर खोऱ्यातील कोळशाच्या जमिनींचे उत्पन्न वारशाने मिळाले. ते त्यांनी ऑस्ट्रेलियाविषयीची पुस्तके, हस्तलिखिते व नकाशे जमविण्यात वेचले. साठ हजारांहून अधिक ग्रंथांचा हा संग्रह व ७०,००० पौंडांची देणगी त्यांनी जनतेस अर्पण केली. १९१० मध्ये सिडनी येथे उघडलेल्या मिचेल ग्रंथालयाचा तो पाया होय. स्कॉट घराण्याची कागदपत्रेही याच ग्रंथालयात जतन केलेली आहेत.

साष्टीतील उत्तरकाल : विक्रोळीतून १८५३ मध्ये मुंबई-ठाणे लोहमार्ग गेला, तरी पुढची सुमारे नव्वद वर्षे हा परिसर भातखाचरे, गवताळ कुरणे व खाडीकाठची कांदळवने यांचाच होता. १९४० च्या दशकाच्या आरंभी पिरोजशा गोदरेज यांनी येथील विस्तीर्ण जमीन खरेदी केली. देशातील पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी (१९५१-५२) लागलेल्या मतपेट्यांपैकी बऱ्याचशा विक्रोळीच्या कारखान्यात तयार झाल्या. पवई येथे १९५८ मध्ये भारतीय तंत्रविद्या संस्था स्थापन झाली. साष्टीतील जुन्या इस्टेटींना असलेल्या महसुली सवलती मुंबई राज्याने १९५१ च्या कायद्याने रद्द केल्या. तथापि त्या जमिनींपैकी कोणती खाजगी व कोणती सरकारी, हे ठरविताना कंपनीच्या काळातील सनदांचा अर्थ न्यायालयांना त्यानंतरही लावावा लागला आहे. ॲश बेट आता हंटर पाणथळ राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तर विक्रोळीच्या खाडीकाठची कांदळवनेही राखली गेली आहेत.

कौटुंबिक इतिहास हा बहुधा ज्यांची पत्रे व दस्तऐवज उरले त्यांचाच लिहिला जातो. स्कॉट घराण्याविषयीची माहिती विपुल आहे, कारण त्याच्याच एका वंशजाने ग्रंथालय उभारले. पवईची भातखाचरे कसणारी कुळे महसुलाच्या आकड्यांत, ग्लेंडनचे कैदी सरकारी याद्यांत आणि वोनारुआ लोक प्रामुख्याने तक्रारी व खटल्यांच्या कागदांत आढळतात. घराण्याच्या इतिहासाशेजारी ही कागदपत्रेही ठेवून वाचली, म्हणजे एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश शेतकऱ्याचे स्थलांतर कोणाच्या जमिनीवर व कोणाच्या श्रमांवर घडून आले, याची कल्पना येते.